छत्रीवाल्या पिक्चरचं भाषांतर

माझं जर्मन पुण्यात तयार झालं आणि कार्डिफमध्ये कामाला आलं. जर्मनीत मी आजतागायत पाऊल ठेवलेलं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला बाबांनी मला जर्मनच्या क्लासला घातलं, कारण आमच्या ओळखीतल्या सगळ्या मुली जात होत्या आणि बाबांच्या मते त्याने ‘स्कोप’ वाढत होता. पाच वर्षं शनिवार-रविवारच्या सकाळी मी तिथे क्रियापदं घोकली. मग कंपनीने मला पाठवलं ते वेल्समध्ये, एका इन्शुरन्सच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायला. स्कोप वाढला, पण भलत्याच दिशेला.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी ज्या घरात शेअरिंगवर राहत होते तिथे बाथरूमवरून रोज भांडणं व्हायची आणि भांडणात मी कधी मागे नसायचे. एका सोमवारी भांडण जिंकून, पण अंघोळ न करताच ऑफिसला निघाले आणि कोपऱ्यावरच्या पोस्ट ऑफिसच्या काचेवर एक कार्ड दिसलं. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, खोली भाड्याने देणे आहे, जर्मन येणाऱ्या व्यक्तीला प्राधान्य. मी तिथूनच फोन केला.

दार उघडणारे आजोबा पंचाहत्तरी ओलांडलेले, उंच आणि थोडे वाकलेले होते. आयुष्यभर त्यांनी कार्डिफच्या रस्त्यांवर बस चालवली होती. मी त्यांच्या तोंडावर त्यांना मिस्टर अमुक म्हणायचे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून आजोबाच म्हणत आले, म्हणून इथेही तेच म्हणते. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि सरळ मुद्द्यावर आले.

“माझी बायको जर्मन आहे. लढाईनंतर इथल्या हॉस्पिटलात कामाला आली, माझ्या बसने जायची-यायची. पन्नास वर्षांत ती घरात कधी जर्मन बोलली नाही. आता गेलं वर्षभर ती दुसरं काही बोलतच नाही. डॉक्टर म्हणतात, मेंदूत इंग्रजी पुसत चाललंय आणि खालचं जुनं वर आलंय.” मग कपातला चमचा उगाच फिरवत म्हणाले, “तेव्हा मीच तिला सांगितलं होतं, बाहेर बोलू नकोस, लोक वळून बघतात. मग घरातही राहूनच गेलं. मी शिकलो असतो तर आज तिचं बोलणं मला कळलं असतं.”

माझं काम असं ठरलं की ऑफिसातून आल्यावर तासभर त्यांच्या पुढच्या खोलीत बसायचं आणि आजी काय म्हणतात ते आजोबांना सांगायचं. आजींचं म्हणणं साधंच असायचं. पाय गार पडलेत, पडदा ओढा, शाळेचे बूट चावतात, आईला उशीर का झाला. मी एकेक वाक्य इंग्रजीत उलटं करून आजोबांच्या हातात ठेवायचे. ते बूट शोधायचे नाहीत, पण आजींचे पाय चोळून द्यायचे. मला त्या ‘फ्रॉइलाइन’ म्हणायच्या, म्हणजे कुमारी. आजोबांना काहीच म्हणायच्या नाहीत. ते कोण आहेत हे त्यांना ठाऊक होतं की नाही, हा प्रश्न आजोबांनी मला कधी विचारला नाही आणि मीही त्या वाटेला गेले नाही.

ऑक्टोबरात आजी एक चाल गुणगुणायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, पिक्चरमधली आहे, आईबरोबर पाहिला होता, त्यात एक मुलगी आणि एक छत्रीवाला असतो. मी हे आजोबांना सांगितलं मात्र, म्हातारा माणूस कामाला लागला. लायब्ररीत गेले, पत्रं लिहिली, जुन्या पिक्चरच्या फिती जमवणाऱ्या कोणा हौशी माणसाचा पत्ता मिळवला. डिसेंबरात पोस्टाने एक व्हिडिओ कॅसेट आली. बोलपट नवे नवे आले होते तेव्हाचा तो पिक्चर, काळापांढरा, आवाजात सतत कढईत काहीतरी तळत असल्यासारखी चरचर आणि खाली इंग्रजी अक्षरांचा पत्ता नाही. रविवारी दुपारी आम्ही तो लावला. सेटीवर एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला आजोबा आणि मध्ये दुभाषी.

गोष्ट अगदी फुसकी होती, पण गोड. एका मोठ्या स्टेशनात हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस असतं आणि तिथल्या खिडकीत एक मुलगी बसते. एक तरुण आपली हरवलेली छत्री न्यायला येतो, मुलीला बघतो आणि छत्री घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी परत येतो, आणखी एक छत्री हरवली म्हणून. तिसऱ्या दिवशी तिसरी. मुलगी सगळं ओळखून असते, तरी दर वेळी एक छत्री देते. शेवटी त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही आणि एके दिवशी धो धो पाऊस पडतो तेव्हा ज्यांच्या छत्र्या खरोखर हरवल्यात असे सगळे प्रवासी खिडकीपुढे रांग लावून आरडाओरडा करतात.

आजी प्रत्येक विनोदाच्या आधीच हसायच्या. आजोबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, ते आजींकडेच बघत होते. “वर्ष झालं हिला हसताना पाहून,” म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी इतकी माया वाटली की काय सांगू.

आणि तरीही मी घोटाळा केला तो त्याच दुपारी.

आमच्या पुण्याच्या घरात टीव्हीवर नायक नायिकेच्या जवळ सरकायला लागला की बाबांना एकदम पेपरातली राहिलेली बातमी आठवायची. आई दूध बघायला उठायची, गॅसवर दूध नसलं तरी. मी आणि भाऊ पंख्याकडे बघायचो. कोणी कोणाला हे शिकवलं नव्हतं, पण मोठ्या माणसांपुढे प्रेमाची भाषा कानावरही येऊ द्यायची नाही, मग तोंडातून काढणं दूरच. मी सव्वीस वर्षांची होते, स्वतःच्या हिमतीवर परदेशात राहत होते, ऑफिसात गोऱ्या मॅनेजरशी तावातावाने वाद घालत होते. पण पडद्यावरचा तरुण खिडकीत वाकून म्हणाला, “तुम्ही हसलात की माझा दिवस उगवतो,” आणि शेजारून बाबांपेक्षा वयाने मोठ्या माणसाने विचारलं, “काय म्हणाला?” तेव्हा मी म्हणाले, “हवेबद्दल बोलतोय.”

कार्डिफमध्ये बस ड्रायव्हरपासून भाजीवाल्या बाईपर्यंत प्रत्येकजण मला दिवसातून दहा वेळा ‘लव्ह’ म्हणून हाक मारत होता, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण हे जमेना. जिथे जिथे प्रेमाचं आलं तिथे तिथे मी हवा, गाड्यांच्या वेळा आणि ऑफिसचे नियम घातले. आणि शेवटी मुलगी खिडकीतून हात बाहेर काढून त्या तरुणाची बाही धरते. तो म्हणालेला असतो, उद्या येतो. ती म्हणते, “उद्या नका येऊ. आता जाऊच नका.” तिचा आवाज असा काही लागला होता की माझे कान तापले. मी कार्पेटकडे बघत म्हणाले, “ती सांगतेय, ऑफिस बंद व्हायची वेळ झाली, उद्या या.”

पुढे काय होतं ते दिसलंच नाही. कॉपी करताना शेवट राहून गेला होता, पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. “बिचारा,” आजोबा म्हणाले. “एवढ्या छत्र्या घेऊन शेवटी घरी गेला म्हणायचा.”

लंडनजवळच्या स्लाऊ गावात माझी एक नागपूरची मैत्रीण होती, त्याच कंपनीतली. रविवारी आम्ही फोनवर आठवड्याचा हिशेब द्यायचो. तिला हे सांगितलं तर ती हसून लोळायची बाकी राहिली.

“अगं, तू ट्रान्सलेटर आहेस की सेन्सॉर बोर्ड?”

“तू असतीस तर सांगितलं असतंस?”

“मी? वेडी का? मी सरळ ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून किचनमध्ये गेले असते. तू चिल मार. त्यांना कुठे कळतंय? ओल्ड कपल आहे, संडेचा टाइमपास होतोय, हू केअर्स!”

मलाही तसंच वाटलं. दर रविवारी कॅसेट लागायची आणि दर रविवारी मी तेच खोटं, त्याच शब्दांत सांगायचे. टेस्टिंगची सवय, एकदा लिहिलेलं मी बदलत नाही.

फेब्रुवारीत एक नवीनच सुरू झालं. माझा तास संपत आला की आजोबा जेवणाचं बघायला खुर्चीतून उठायचे. एके संध्याकाळी ते उठताच आजींनी त्यांची बाही धरली आणि म्हणाल्या, “उद्या नका येऊ. आता जाऊच नका.” अगदी त्या मुलीच्या आवाजात. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. आता हा तर पिक्चरही नव्हता. नवराबायकोतलं बोलणं होतं आणि मी मध्ये उभी. मला तिथून कधी एकदा पळते असं झालं. “ते पिक्चरमधलंच वाक्य आहे, शेवटचं,” एवढं म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

मग ते रोजचंच झालं. आजींनी बाही धरली की मी काढता पाय घ्यायचे. वरच्या बाथरूमच्या खिडकीतून मागची गल्ली दिसायची. तिथे मला दोन-तीनदा आजोबा दिसले, कोट घालून, खिशात हात घालून, रिमझिमीत नुसते उभे. बायकोसाठी त्यांनी सिगारेट सोडली होती हे मला माहीत होतं. मला वाटलं चोरून ओढतायत आणि मी मनातल्या मनात त्यांना माफ करून टाकलं. एकदा मी खाली आले तर आजी रडत होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, “गेला तो.” त्यांचा भाऊ लढाईत गेलेला होता. मी त्यांना थोपटलं आणि आजोबांना सांगितलं, भावाची आठवण येतेय त्यांना. मूर्खपणाला सीमा असते म्हणतात, माझ्या मूर्खपणाला नव्हती.

मार्चमध्ये एका शनिवारी मी स्वयंपाकघरात बटाटे परतत होते. जिरं घातलेले माझे बटाटे आजोबांना आवडायचे. ते टेबलाशी बसले होते आणि पुढ्यात कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बाईने ठेवलेला फॉर्म होता. आजींना नर्सिंग होममध्ये ठेवण्याचा. सोमवारी ती बाई फॉर्म न्यायला येणार होती.

माझा पारा चढला. “अहो, पण तुम्हाला झेपतंय की सगळं! मी आहे. रात्री त्या शांत झोपतात. आत्ताच काय घाई आहे?”

“मला झेपतंय गं, लव्ह,” आजोबा म्हणाले. “तिला मी झेपत नाही. मी कोणीतरी परका माणूस तिच्या घरात घुसून बसलोय असं तिला वाटतं. रोज संध्याकाळी ती मला जायला सांगते. ऑफिस बंद झालं, उद्या या. बाही धरून हाकलते. मी जातो बिचारीच्या समाधानासाठी. कोट घालून पुढच्या दाराने बाहेर पडतो, गल्लीत थोडा वेळ थांबतो आणि मागच्या दाराने येऊन स्वयंपाकाला लागतो. तरी परत येऊन बघतो तर ती रडत असते. माझ्याच घरात माझी बायको मला घाबरून रडते. तिथे निदान तिला रोज कोणाला हाकलावं लागणार नाही.”

बटाटे करपायला लागले होते. मी गॅस बंद केला. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही कधी नाही. त्या गल्लीतला एकेक दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेला. त्या रिमझिमीत माणूस उभा होता, आपल्या घरातून हाकललेला, आणि त्याला हाकलणारी मी होते.

“ती तसं म्हणत नाही,” मी म्हणाले.

“तूच सांगितलंस.”

“मी खोटं सांगितलं.”

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला रागाशी बोलता येतं. मी त्यांना पंख्याकडे बघायची गोष्ट सांगायला लागले, आईचं गॅसवर नसलेलं दूध, बाबांचा पेपर, आणि ऐकताना मलाच ते इतकं पोकळ वाटलं की मध्येच थांबले.

“मग काय म्हणते ती?” त्यांनी विचारलं.

तेव्हासुद्धा. एवढं सगळं कळल्यावरसुद्धा मला ते वाक्य त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणता येईना. मग मी बघितलंच. “ती म्हणते, उद्या नका येऊ. आता जाऊच नका.”

“रोज?”

“रोज.”

ते उठून सिंकपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. त्यांनी नळ सोडला आणि नुसता वाहू दिला. बऱ्याच वेळाने नळ बंद केला. “आणि तो छत्रीवाला? तो काय करतो मग?”

“ते मला नाही माहीत. कॅसेटमध्ये नाहीच ते.”

“तिला विचार.”

आम्ही दोघं पुढच्या खोलीत गेलो. आजी गॅसच्या शेगडीपाशी पाय शेकत होत्या. मी खाली बसले आणि त्यांच्या भाषेत विचारलं, त्या मुलीने बाही धरल्यावर त्या गृहस्थांनी काय केलं? आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हिच्या शिकवणीचे पैसे फुकट गेले.

“थांबला,” म्हणाल्या. “दुसरं काय करणार?”

मी ते आजोबांना सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी मान हलवली आणि मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. जर्मनमध्ये ‘मी थांबतो’ कसं म्हणायचं ते त्यांना हवं होतं. दोनच शब्द आहेत, इश ब्लायबं. पंचाहत्तर वर्षं वेल्सचं इंग्रजी बोललेली जीभ, त्यातला ‘इश’ काही केल्या वळेना. राहिलेले बटाटे सोलताना म्हणत होते, टेबल पुसताना म्हणत होते, दुसऱ्या दिवशी रविवारच्या दुपारी पिक्चर चालू असतानाही ओठ हलत होते. त्या रविवारी मी पिक्चरचं भाषांतर पहिल्यापासून नव्याने केलं, काहीही न गाळता. मध्ये मध्ये आजोबा म्हणायचे, “अच्छा, तर ती हवा नव्हती होय!” आणि मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. शेवटच्या वाक्याला मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण वाक्य पूर्ण सांगितलं.

संध्याकाळी साडेपाचला ते जेवणाचं बघायला उठले. आजींचा हात बाहीवर आला. “उद्या नका येऊ,” त्या म्हणाल्या. “आता जाऊच नका.”

आजोबांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. “इश ब्लायबं,” म्हणाले. उच्चार भयंकर होता. माझ्या पुण्याच्या बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. ते परत खाली बसले, खुर्चीत नाही, सेटीवर, आजींच्या शेजारी.

आजींनी त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. नवरा म्हणून ओळखलं असं काही मी सांगणार नाही, तसं झालं नाही, आणि पुढेही कधी झालं नाही. त्या शांत झाल्या, बाही सोडून हात त्यांच्या हातावर ठेवला आणि मग मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकले. “फ्रॉइलाइन,” त्या कुजबुजल्या, “हे गृहस्थ जेवायला थांबतायत, एक ताट जास्त घ्या. दिसायला किती छान आहेत, नाही? मला फार आवडतात. पण त्यांना सांगू नका हं.”

“काय म्हणाली?” आजोबांनी विचारलं.

आजींनी मला दटावून ओठावर बोट ठेवलं. त्या दोघांच्या मध्ये मी वाकलेली, कान तापलेले, समोर शेगडी. मी आजोबांकडे बघितलं आणि सगळं सांगितलं, ताटापासून शेवटच्या ‘सांगू नका’पर्यंत, एकही शब्द न गाळता. त्यांचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला. सोमवारी कौन्सिलची बाई आली तेव्हा फॉर्म कोराच होता आणि आजोबांनी तिला दारातूनच सांगितलं, मला थांबायला सांगितलंय.